पोलिंगचे रडार केंद्र आणि टेलिफोनवरचा आवाज

१/ १० नोव्हेंबर १९३२. ब्रिटिश संसदेत स्टॅन्ले बाल्डविन हे ज्येष्ठ मंत्री बोलायला उभे राहिले. त्यांच्या भाषणाचा आशय असा होता : आकाशातून पडणाऱ्या बॉम्बपासून वाचवू शकेल अशी कोणतीही शक्ती पृथ्वीवर नाही, हे सामान्य माणसाने समजून घेतलेले बरे, काहीही केले तरी बॉम्बफेकी विमान लक्ष्यापर्यंत पोहोचणारच. एका साम्राज्याच्या राज्यकर्त्याने आपल्या असहायतेची दिलेली ही जाहीर कबुली होती. त्यानंतर आठच वर्षांनी ही कबुली खोटी ठरली. ती कशी खोटी ठरली, आणि त्या कामी ससेक्स परगण्यातील एका लहानशा हवाई दल केंद्राचा वाटा काय होता, याविषयीचा हा थ्रेड.

२/ बाल्डविन यांच्या भीतीमागे साधे अंकगणित होते. इंग्लिश खाडी सर्वांत अरुंद ठिकाणी जेमतेम ३३ किलोमीटर रुंद आहे. ताशी तीनशे किलोमीटर वेगाच्या विमानाला ती ओलांडायला सहा-सात मिनिटे लागतात. लढाऊ विमान जमिनीवरून उडून शत्रूच्या उंचीपर्यंत चढायचे, तर त्याहून कितीतरी अधिक वेळ हवा. मग विमाने सतत आकाशात फिरती ठेवायची का? तेवढे इंधन, तेवढी विमाने आणि तेवढे वैमानिक कोणत्याच देशाकडे नव्हते. बचावाचा सारा प्रश्न अखेर एकाच गोष्टीवर येऊन थांबत होता : पूर्वसूचना.

३/ पूर्वसूचनेसाठी तोवर माणसाच्या कानावर भिस्त होती. केंटच्या किनाऱ्यावर डेंज येथे काँक्रीटचे प्रचंड ध्वनिदर्पण उभारण्यात आले. त्यांतील एक भिंत तर २०० फूट लांब होती. दूरच्या इंजिनाची घरघर या वक्र भिंतींवर आदळून एकवटे आणि श्रोता ती टिपे. हवामान उत्तम असले तर वीसेक मैलांवरचे विमान ऐकू येई. मात्र समुद्राची गाज, वारा, जवळून जाणारी मोटार यांपैकी काहीही या कानांना फसवायला पुरेसे होते. शिवाय विमानांचा वेग दरवर्षी वाढत होता आणि ध्वनीचा वेग होता तेवढाच राहणार होता. ही शर्यत हरलेलीच होती. ते दर्पण आजही तिथे उभे आहेत, एका संपलेल्या उपायाची स्मारके म्हणून.

४/ १९३५च्या आरंभी हवाई मंत्रालयातील हॅरी विंपेरिस यांनी रेडिओ संशोधक रॉबर्ट वॉटसन-वॉट यांना एक विलक्षण प्रश्न विचारला. रेडिओलहरींचा ‘मृत्युकिरण’ तयार करता येईल का? वॉटसन-वॉट यांनी आपले सहकारी अर्नोल्ड विल्किन्स यांच्यापुढे हा प्रश्न निराळ्या वेषात ठेवला : काही किलोमीटर अंतरावरचे आठ पिंट पाणी ९८ अंश फॅरनहाइटवरून १०५ अंशांपर्यंत तापवायला किती शक्ती लागेल? आठ पिंट, म्हणजे साधारण एका माणसाच्या शरीरातले रक्त. विल्किन्सना हेतू लगेच उमगला. हिशोबाचे उत्तर नकारार्थी आले. मात्र त्याच चर्चेत त्यांना आठवले की, जवळून विमान गेले की रेडिओसंदेशात व्यत्यय येतो, अशी टपाल खात्याच्या अभियंत्यांची तक्रार होती. विमान जाळता येणार नव्हते. पण ते दिसू शकणार होते.

५/ २६ फेब्रुवारी १९३५. डॅव्हेंट्री येथील बीबीसीच्या लघुलहरी प्रक्षेपकाजवळ, एका शेतात, ग्राही यंत्र बसवलेली मोटारगाडी उभी होती. आकाशात एक हेफर्ड बॉम्बफेकी विमान ये-जा करीत होते. त्याच्यावरून परतणाऱ्या लहरींमुळे ऋणकिरण नलिकेच्या पडद्यावरची प्रकाशरेषा हलली, वाढली, ओसरली. सुमारे आठ मैलांपर्यंत विमानाचा माग लागला. युद्धशास्त्राच्या इतिहासातील एक निर्णायक क्षण असा कुणाला पत्ता न लागता, शेतातल्या चिखलात घडून गेला.

६/ पुढची पावले वेगाने पडली. ऑर्फर्डनेस येथे प्रयोग झाले. १९३६मध्ये संशोधन सफोकच्या किनाऱ्यावरील बॉडसी मॅनॉर या वाड्यात हलले. १९३५च्या डिसेंबरातच कोषागाराने पहिल्या पाच केंद्रांसाठी ६०,००० पौंड मंजूर केले होते. १९३९च्या सप्टेंबरात युद्धाला तोंड फुटले तेव्हा स्कॉटलंडपासून दक्षिण किनाऱ्यापर्यंत सुमारे वीस केंद्रांची साखळी उभी होती. तिचे नाव ‘चेन होम’. ‘रडार’ हा शब्द तेव्हा ब्रिटनमध्ये नव्हताच. तो अमेरिकेहून पुढे आला. ब्रिटिश हवाई दल या तंत्राला आरडीएफ म्हणत असे आणि तेही दबक्या आवाजात.

७/ वॉटसन-वॉट यांचे एक धोरण येथे महत्त्वाचे ठरले. सर्वोत्तम कधीच हाती येत नाही, दुसऱ्या क्रमांकाचे उशिरा येते; तेव्हा तिसऱ्या क्रमांकाचे का होईना, पण आज हाती द्या, असे ते म्हणत. चेन होम खरोखरच तिसऱ्या क्रमांकाची वस्तू होती. तिची तरंगलांबी दहा-बारा मीटर, म्हणजे पुढच्या रडारांच्या मानाने फार मोठी. तिचा झोत वळत नसे; दिव्याच्या उजेडासारखी ती समोरचा सारा प्रदेश एकदम उजळून टाकी. समकालीन जर्मन रडार यंत्रे कारागिरीत तिच्यापेक्षा सरस होती. पण ब्रिटिश यंत्र किनाऱ्यावर उभे होते, आणि वेळेवर उभे होते.

८/ एखादे केंद्र दिसे तरी कसे? ३६० फूट उंचीचे पोलादी प्रक्षेपक मनोरे एका रांगेत. थोड्या अंतरावर २४० फूट उंचीचे लाकडी ग्राही मनोरे. मधोमध यंत्रांच्या इमारती, भोवती तारेचे कुंपण. सेकंदाला पंचवीस स्पंद आकाशात फेकले जात. सर्व केंद्रांचे स्पंद देशाच्या वीजजाळ्याच्या लयीशी जुळवलेले असत, म्हणजे एकाने दुसऱ्याच्या पडद्यावर गोंधळ घालू नये. परिस्थिती अनुकूल असेल तर शंभर मैलांपलीकडची विमाने दिसत. फ्रान्सच्या भूमीवर जर्मन तुकड्या आकाशात गोळा होऊ लागल्या की त्यांची चाहूल ससेक्सच्या एका अंधाऱ्या खोलीत लागे.

९/ या ‘दिसण्या’चा अर्थ मात्र नीट समजून घ्यायला हवा. पडद्यावर विमानाचे चित्र उमटत नसे. उमटे ती एक आडवी, थरथरती हिरवट रेषा. तिच्यात कुठेतरी एक खाच पडे. खाच कुठे आहे त्यावरून अंतर कळे. मग चालक एक चकती फिरवी. फिरवता फिरवता खाच नाहीशी झाली की दिशा हाती येई. वरच्या व खालच्या आकाशकांवरील संकेतांची तुलना करून उंचीचा अंदाज बांधला जाई. आणि विमाने किती? त्याचे उत्तर त्या खाचेच्या खोलीत आणि थरथरण्यात दडलेले असे. तीन विमाने आणि तीस विमाने यांतला फरक सवयीची नजरच ओळखू शके. पुस्तकात तो शिकवता येत नसे.

१०/ शिवाय हा डोळा अनेक बाबतींत अधू होता. समुद्रावरून अगदी खालून येणारे विमान त्याला दिसत नसे. त्यासाठी दीड मीटर तरंगलांबीची, फिरत्या झोताची ‘चेन होम लो’ ही दुसरी केंद्रे उभारावी लागली. उंचीचे अंदाज हजारो फुटांनी चुकत. आणि सर्वांत मोठे वैगुण्य असे की हा डोळा समुद्राकडे रोखलेला होता. विमाने किनारा ओलांडून आत शिरली की ती त्याच्या नजरेतून सुटत. तेथून पुढचे काम ‘ऑब्झर्व्हर कोअर’च्या हजारो स्वयंसेवकांचे. ते उघड्या चौक्यांवर दुर्बिणी आणि टेलिफोन घेऊन बसलेले असत.

११/ मग एवढ्या अधू डोळ्याने युद्ध कसे जिंकले? त्याचे उत्तर यंत्रात सापडत नाही. ते सापडते यंत्राच्या मागे पसरलेल्या टेलिफोनच्या तारांत. प्रत्येक केंद्राची नोंद लंडनच्या वायव्येला स्टॅनमोर येथील बेंटली प्रायरी या मुख्यालयात जाई. तेथील ‘फिल्टर रूम’मध्ये एका भव्य मेजावर नकाशा मांडलेला होता. त्याच्याभोवती उभ्या असलेल्या स्त्रिया कानाला हेडफोन लावून येणारी नोंद ऐकत आणि नकाशावर सोंगट्या ठेवत.

१२/ येथे खरी कसोटी सुरू होई. एकाच तुकडीविषयी तीन केंद्रे तीन निरनिराळ्या गोष्टी सांगत. एक म्हणे चाळीस विमाने, दुसरे म्हणे पंधरा. एकाचे अंतर अचूक तर दिशा चुकलेली. कोणते केंद्र कोणत्या बाबतीत हटकून चुकते हे ठाऊक असलेला अधिकारी काही सेकंदांत या परस्परविरोधी साक्षींतून एक संभाव्य सत्य निवडी. ते सत्य गटांच्या आणि विभागांच्या नियंत्रण कक्षांत एकाच वेळी पोहोचे आणि तेथून रेडिओद्वारे वैमानिकाच्या कानी पडे. इतिहासाच्या विद्यार्थ्याला ही पद्धत ओळखीची वाटावी. साधनांची चिकित्सा म्हणतात ती हीच. फरक इतकाच की येथे निष्कर्षाला वर्षे नव्हे, क्षण मिळत.

१३/ नोंद शिळी होऊ नये म्हणूनही एक साधी युक्ती होती. नियंत्रण कक्षातील घड्याळाच्या तबकडीवर पाच-पाच मिनिटांचे पट्टे लाल, पिवळ्या आणि निळ्या रंगांत रंगवलेले असत. काटा ज्या रंगावर असेल त्या रंगाची खूण नकाशावर ठेवायची. त्यामुळे वरच्या सज्जातून पाहणाऱ्या अधिकाऱ्याला कोणती बातमी ताजी आणि कोणती कालबाह्य हे एका दृष्टिक्षेपात कळे. ही सारी रचना उभी केली ती फायटर कमांडचे प्रमुख ह्यू डाउडिंग यांनी. अबोल, रुक्ष, वरिष्ठांना अप्रिय असा हा माणूस. डॅव्हेंट्रीच्या प्रयोगाच्या वेळी हवाई दलाच्या संशोधनाची सूत्रे त्याच्याच हाती होती आणि १९३६मध्ये लढाऊ विमानांची सूत्रेही त्याच्याकडे आली. शोध आणि त्याचा वापर एकाच मस्तकात एकत्र यावेत, असे योग इतिहासात विरळाच.

१४/ आणि या यंत्रणेचे कान, डोळे व वाणी म्हणून काम करीत होत्या तरुण स्त्रिया. जून १९३९मध्ये ‘वाफ’ ही हवाई दलाची स्त्री-शाखा स्थापन झाली. दुकानांत, कचेऱ्यांत काम करणाऱ्या, काही नुकत्याच शाळेबाहेर पडलेल्या मुली गुप्ततेची शपथ घेऊन रडार केंद्रांवर रुजू झाल्या. आपण काय काम करतो हे त्यांनी आईवडिलांनाही सांगायचे नव्हते. बॉम्ब पडू लागले तर या मुली जागा सोडून पळतील, अशी शंका अनेक अधिकाऱ्यांनी उघडपणे व्यक्त केली होती. या शंकेचे उत्तर मिळायला एक वर्ष जावे लागले.

१५/ यंत्रणा जन्मतःच परिपूर्ण होती असे मात्र समजू नये. ६ सप्टेंबर १९३९ रोजी, युद्धाच्या चौथ्या दिवशी, शत्रू येत असल्याची चुकीची सूचना दिली गेली. तपासासाठी विमाने उडाली. त्या विमानांनाच शत्रू समजून आणखी विमाने उडाली. अखेर ७४व्या स्क्वॉड्रनच्या स्पिटफायरांनी ५६व्या स्क्वॉड्रनची दोन हरिकेन विमाने पाडली. माँटेग्यू हल्टन-हॅरॉप हा तरुण वैमानिक आपल्याच बाजूच्या गोळ्यांनी मेला. ‘बार्किंग क्रीकची लढाई’ असे उपरोधिक नाव या प्रसंगाला मिळाले. मित्र कोण आणि शत्रू कोण हे पडद्यावरच कळावे यासाठी विमानांत ओळख-संकेत देणारे यंत्र बसवण्याची निकड त्यानंतर कुणालाच पटवून द्यावी लागली नाही.

१६/ तिकडे जर्मनी अंधारात होता काय? पूर्णपणे नाही. १९३९च्या उन्हाळ्यात ‘ग्राफ झेपेलिन’ हे प्रचंड हवाई जहाज संकेत टिपण्याची यंत्रे घेऊन ब्रिटनच्या किनाऱ्यालगत दोनदा फिरून गेले. ते उंच मनोरे कशासाठी आहेत हे त्याला शोधून काढायचे होते. त्याला ते साधले नाही. विडंबना अशी की ज्या जहाजाला ब्रिटिश रडार दिसले नाही, ते जहाज ब्रिटिश रडारला मात्र दिसत होते. १९४०च्या उन्हाळ्यापर्यंत जर्मन संदेशदळाचे प्रमुख वोल्फगांग मार्टिनी यांना या केंद्रांचे महत्त्व पटले होते आणि मुख्य हल्ल्यापूर्वी ती नष्ट करावीत, असा त्यांचा आग्रह होता.

१७/ १२ ऑगस्ट १९४०. वॉल्टर रुबेन्सडर्फर यांच्या खास प्रशिक्षित तुकडीने सकाळी डोव्हर, राय आणि पेव्हेन्सी येथील केंद्रांवर अचूक हल्ले चढवले. झोपड्या उडाल्या, विजेच्या तारा तुटल्या, माणसे मेली. मनोरे मात्र उभेच राहिले. जाळीदार पोलादी रचनेतून स्फोटाचा दाब आरपार निघून जाई. काही तासांत ही केंद्रे पुन्हा बोलू लागली. दुपारी आयल ऑफ वाइट बेटावरील व्हेंटनर केंद्राची पाळी आली. जंकर्स-८८ विमानांनी ते जवळजवळ उद्ध्वस्त केले. साखळीला पहिल्यांदाच खरोखरची फट पडली.

१८/ ती फट लपवण्यासाठी ब्रिटिशांनी एक विलक्षण नाटक केले. व्हेंटनरच्या दिशेने दुसऱ्या प्रक्षेपकावरून संकेत सोडत राहिले. त्या संकेतांना प्रतिध्वनी टिपणारे कुणीच नव्हते. ते आंधळ्याने डोळे उघडे ठेवावेत तसे होते. पण खाडीपलीकडून ऐकणाऱ्या जर्मन तंत्रज्ञांनी निष्कर्ष काढला की केंद्र पुन्हा सुरू झाले. बेंब्रिज येथे फिरती यंत्रणा उभी राहून खरी नजर परत आली ती २३ ऑगस्टला. मधल्या काळात शत्रूच्या गैरसमजाने पहारा केला.

१९/ १५ ऑगस्टला हेर्मान ग्योरिंग यांनी आपल्या सेनापतींची बैठक घेतली. रडार केंद्रांवरील हल्ले चालू ठेवण्यात काही अर्थ आहे का, याविषयी त्यांनी शंका व्यक्त केली. कारण एकही केंद्र कायमचे बंद पडलेले दिसत नव्हते. युद्धातील सर्वांत महागड्या चुकांपैकी ही एक. पण तिचा उगम केवळ ग्योरिंगच्या अहंकारात शोधणे अपुरे ठरेल. त्यांनी हाती असलेल्या माहितीवरून तर्क केला होता. माहितीच फसवी होती आणि ती तपासून पाहणारी फिल्टर रूम त्यांच्याकडे नव्हती.

२०/ हा निर्णय होऊनही दोन केंद्रांवर आणखी घाव पडले. १६ ऑगस्टला पुन्हा व्हेंटनरवर आणि १८ ऑगस्टला पोलिंगवर. पोलिंग हे पश्चिम ससेक्समधील, अरंडेल गावाजवळचे खेडे. तेथील केंद्र पश्चिमेच्या व्हेंटनर आणि पूर्वेच्या पेव्हेन्सी यांच्या मधले. व्हेंटनर बंद पडल्यापासून दक्षिण किनाऱ्याच्या या पट्ट्याचा बराचसा भार पोलिंगवर आला होता.

२१/ १८ ऑगस्ट हा रविवार होता. दोन्ही बाजूंची इतकी हानी त्या दिवशी झाली की पुढे इतिहासकारांनी त्याला ‘सर्वांत खडतर दिवस’ म्हटले. दुपारी शंभराहून अधिक स्टुका विमाने खाडी ओलांडून निघाली. त्यांची लक्ष्ये चार : गॉसपोर्ट, थॉर्नी आयलंड आणि फोर्ड हे तळ, आणि पोलिंगचे रडार केंद्र. पोलिंगच्या वाट्याला सुमारे तीस स्टुका आल्या.

२२/ केंद्रात टेलिफोनपाशी कॉर्पोरल जोन ॲव्हिस हर्न या वाफच्या कर्मचारी होत्या. ट्रुली हिल येथील चेन होम लो केंद्राकडून येणाऱ्या नोंदी ऐकायच्या आणि स्टॅनमोरला पुढे सांगायच्या, हे त्यांचे काम. आकडे येत गेले, त्या ते सांगत गेल्या. मग ट्रुली हिलहून इशारा आला : आता दिलेली नोंद थेट तुमच्याच डोक्यावरची आहे. हर्न यांना ते आकड्यांवरून कळलेच होते. आसरा घेण्याची संधी होती. त्यांनी रिसीव्हर खाली ठेवला नाही. बॉम्ब इमारतीलगत फुटत होते, काचा कोसळत होत्या, आणि स्टॅनमोरच्या मेजाभोवती उभ्या असलेल्या मुलींना एकामागून एक आकडे ऐकू येत होते.

२३/ या धैर्याचे स्वरूप जरा निराळे आहे. वैमानिकाच्या हाती बंदुका असतात, वेग असतो, डोळ्यांसमोर शत्रू असतो. हर्न यांच्या हाती होता टेलिफोन. त्या ज्या विमानांचे आकडे सांगत होत्या, ती त्यांच्याच अंगावर येत होती. सांगितलेल्या आकड्यांनी त्यांचा स्वतःचा बचाव होणार नव्हता. तो दुसऱ्या कुणाचा तरी, दूरच्या एखाद्या तळाचा, एखाद्या वैमानिकाचा होणार होता. स्वतःच्या संकटाची वार्ता शांत आवाजात, कामाचा भाग म्हणून, दुसऱ्यांच्या उपयोगासाठी देत राहणे, याला काय म्हणावे? राज्याने त्याला ‘मिलिटरी मेडल’ म्हटले. रणांगणावरील शौर्यासाठीचे हे पदक एका टेलिफोनवर काम करणाऱ्या स्त्रीला मिळाले, आणि मुली पळून जातील या शंकेवर पडदा पडला.

२४/ पोलिंगवर नव्वदच्या आसपास बॉम्ब पडले आणि केंद्राचे मोठे नुकसान झाले. पण तात्पुरती फिरती यंत्रणा आणि इतर केंद्रे यांनी पोकळी भरून काढली. स्टुका तुकडीला मात्र या मोहिमेची जबर किंमत मोजावी लागली. सुमारे सोळा विमाने परतली नाहीत. त्यानंतर स्टुका या लढाईतून जवळजवळ बाहेरच काढण्यात आल्या आणि रडार केंद्रांवरचे पद्धतशीर हल्लेही थांबले. साखळी टिकली. तिच्यातील प्रत्येक कडी मजबूत होती म्हणून ती टिकली नाही. एक कडी तुटली तरी शेजारच्या कड्यांनी भार पेलावा अशी तिची घडण होती.

२५/ दोनच दिवसांनी, २० ऑगस्टला, चर्चिल यांनी संसदेत ‘थोडक्या’ वैमानिकांचे ऋण मान्य करणारे सुप्रसिद्ध भाषण केले. तो गौरव यथार्थच होता. सुमारे २,९०० वैमानिक व सहकाऱ्यांपैकी ५४४ जण या लढाईत कामी आले. पण त्या भाषणात रडारचा उल्लेख होणे शक्यच नव्हते, कारण रडार हे राष्ट्रीय गुपित होते. पडद्यासमोरच्या मुली इतिहासातून कुणी खोडल्या नाहीत. त्या मुळात लिहिल्याच गेल्या नाहीत. गुपित शत्रूपासून राखायचे असते. पण ते राखता राखता समाजाच्या स्मृतीपासूनही राखले जाते. डाउडिंग यांच्याही वाट्याला काही वेगळे आले नाही. नोव्हेंबर १९४०मध्ये त्यांना पदावरून दूर करण्यात आले.

२६/ रडार असणे आणि पूर्वसूचना मिळणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, याचा पुरावा पुढच्याच वर्षी मिळाला. ७ डिसेंबर १९४१ रोजी सकाळी ७ वाजून २ मिनिटांनी हवाई बेटांवरील ओपाना येथील अमेरिकी रडारने १३२ मैलांवरून येणारी मोठी तुकडी टिपली. दोन सैनिकांनी ती इमानाने कळवली. माहिती केंद्रातील अननुभवी अधिकाऱ्याला वाटले, ही मुख्य भूमीवरून येणारी आपलीच विमाने असावीत. काळजी नको, असा निरोप मिळाला. तासाभरात पर्ल हार्बर जळत होते. ओपानाच्या यंत्राने जे पाहायचे ते पाहिले होते. उणीव होती ती त्याच्यामागे उभ्या असायला हव्या होत्या त्या सरावलेल्या माणसांची आणि पद्धतीची.

२७/ हा धडा आपल्या भूमीवरही गिरवला गेला. भारतीय हवाई दलात रडार केंद्रांना ‘सिग्नल युनिट’ म्हणतात. १९६५च्या युद्धात अमृतसर येथील २३० सिग्नल युनिटवर पाकिस्तानी हवाई दलाने पुन्हा पुन्हा हल्ले केले. ११ सप्टेंबरच्या हल्ल्यात स्क्वॉड्रन लीडर मुनीरुद्दीन अहमद हे पाकिस्तानी वैमानिक मारले गेले. केंद्र टिकून राहिले. शत्रूने जिवावर उदार होऊन वारंवार यावे, यातच त्या केंद्राचे मोल दिसते. तरीही १९६५चे नाव निघाले की डोळ्यांसमोर नॅट विमाने येतात. अमृतसरच्या पडद्यासमोर बसलेली माणसे येत नाहीत.

२८/ लढायांचा इतिहास वाचताना नजर साहजिकच आकाशाकडे जाते. धुराच्या रेषा तिथे असतात, द्वंद्वे तिथे असतात, नावे तिथे असतात. पण १९४०च्या त्या उन्हाळ्यात आकाशातल्या प्रत्येक द्वंद्वाच्या आधी जमिनीवर एक वाक्य बोलले गेले होते. अंतर, दिशा, उंची, संख्या. ते वाक्य कुणीतरी नीट पाहून उच्चारले, कुणीतरी नीट ऐकून घेतले, कुणीतरी पारखले आणि कुणीतरी त्यावर विश्वास ठेवून उड्डाण केले. या चार जणांपैकी चित्रपट निघतात ते चौथ्यावर. पहिल्या तिघांचा इतिहास लिहायचा तर पदकांच्या याद्यांपेक्षा नोंदवह्या, पाळ्यांची वेळापत्रके आणि टेलिफोनच्या जोडण्या वाचाव्या लागतात.

२९/ चेन होमचे बहुतेक मनोरे युद्धानंतर पाडले गेले. थोडे उरले आहेत. लिंकनशायरमध्ये स्टेनिगॉट येथे एक पोलादी मनोरा संरक्षित वास्तू म्हणून उभा आहे; एसेक्समधील ग्रेट बॅडो येथेही एक आहे. बॉडसीच्या प्रक्षेपक इमारतीत आता संग्रहालय आहे. मनोरे मोजता येतात, त्यांची छायाचित्रे घेता येतात, त्यांना संरक्षण देता येते. त्या यंत्रणेचा दुसरा अर्धा भाग, म्हणजे तारेवरून जाणारा न डगमगणारा आवाज, कोणत्याही संग्रहालयात ठेवता येत नाही. तो कुणीतरी सांगितला आणि कुणीतरी ऐकला, तरच उरतो.

(थ्रेड समाप्त)